घरच्या वाटेवर पडेल अशी मीटिंग

पुण्यात दारू सोडायचा विषय निघाला की समोरचा माणूस आधी मुक्तांगणचं नाव घेतो. माझ्या बाबतीतही तेच झालं. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, सरळ ॲडमिट व्हा." कंपनीतला जोडीदार म्हणाला, "येरवड्याला एक चक्कर मारून ये." त्यात वावगं काही नव्हतं. डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. आमच्या वयाच्या पुणेकराला त्याचा अभिमान असतो, अगदी हातात ग्लास असतानाही असतो. पण तिथे काही आठवडे राहून उपचार घ्यायचे, तर कंपनीत इतकी रजा कुठल्या कारणाखाली मागायची, हे मला सुचत नव्हतं.

लिव्हरचे रिपोर्ट बिघडल्यावर फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. त्यांनी रोज किती पिता, सकाळी हात कापतात का, आधी कधी फिट आली होती का, सगळं खोदून विचारलं. मग म्हणाले, घरी राहूनही जमेल; औषधं बायको देईल आणि दर दोन दिवसांनी मला दाखवायला यायचं. पुढे विचारलं, "गोळ्या संपल्यावर संध्याकाळी सात वाजता तुम्ही कुठे असणार?" मी म्हणालो, घरी. बायको शेजारच्या खुर्चीवर होती. ती काही बोलली नाही, पण डॉक्टरांनी माझं उत्तर सोडून तिच्याकडे बघितलं आणि कागदावर लिहिलं: ए.ए. मीटिंग शोधणे.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण 'मनाचा हिय्या केला की झालं' असं म्हणणारे आपल्याकडे फार. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात स्वतःच्या मनाने बंद करणं धोक्याचं असतं. हात थरथरणं, घाम, झोप उडणं हे तर होतंच. पण काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आणि त्यानंतरच्या दोनेक दिवसांत भ्रम होऊन नसलेली माणसं दिसायला लागतात. त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर काही दिवस झोपेच्या अंगाने जाणाऱ्या गोळ्या देऊन त्या कमी कमी करत आणतात, आणि सोबत बी-वन जीवनसत्त्व देतात, कारण दारूने त्याचा साठा संपलेला असतो आणि त्याच्या अभावी मेंदूला इजा होते. दुसरं, भिंतींवर 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात. माझ्या आत्याने तसली पुडी आणलीही होती. त्यात काय असेल सांगता येत नाही. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते घेतलेलं असताना दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि पिणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं. आमटीत कालवून नाही. बायकोने पुडी कचऱ्यात टाकली आणि आत्याला सांगितलं, "दिली हो त्यांना."

तर शोध. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेत अक्रन नावाच्या गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यातून हे उभं राहिलं. ना फी, ना नावनोंदणी. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. हे सगळं मी मोबाईलवर अंथरुणात पडल्या पडल्या वाचलं. संस्थेच्या वेबसाइटवर गाव निवडलं की मीटिंगांची यादी येते: गटाचं नाव, पत्ता, वार, वेळ, भाषा. पुण्याची यादी बघून मी उडालो. दोन-चार ठिकाणं असतील असं वाटलं होतं. इथे कॅम्पापासून पिंपरी-चिंचवडपर्यंत, कुठे चर्चचा हॉल, कुठे शाळेचा वर्ग, आठवड्याचा एकही वार मोकळा नाही. ज्या रस्त्यांनी मी वर्षानुवर्षं गेलो त्यांच्यावर हे चाललं होतं. काही गटांपुढे 'ओपन' लिहिलेलं, काहींपुढे 'क्लोज्ड'. ओपनला कोणीही येऊन बसू शकतो, नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर. क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी. नवीन माणूस दोन्हीकडे चालतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी 'क्लोज्ड' वाचून त्या मीटिंगा बंद पडल्या असं धरून चाललो होतो.

यादीखालच्या नंबरवर फोन करायला मात्र दोन दिवस लागले. कॉल सेंटरसारखं कोणीतरी पाठ केलेलं बोलेल असं वाटलं होतं. पलीकडून आवाज आला, "बोला दादा," आणि मागे कुकरची शिट्टी. तो माणूस स्वतः सभासद होता, घरूनच फोन घेत होता. त्याने नाव विचारलं नाही. विचारलं, "आज घेतलीय का?" नाही म्हटल्यावर, "शेवटची कधी? डॉक्टरना भेटलात का?" भेटलो म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. म्हणाला, आमच्याकडे औषध नाही आणि डॉक्टरही नाहीत, आम्ही नुसते बोलतो. म्हणून ते आधी विचारतो. मग त्याने तीन मीटिंगा सांगितल्या आणि वर म्हणाला, "तिन्ही बघा. एक पटली नाही म्हणजे ए.ए. पटली नाही असं समजू नका. माणसं सगळीकडे वेगळी असतात."

पहिली कॅम्पातली, चर्चच्या मागच्या हॉलमधली. चर्च म्हटल्यावर आईला शंका आली, तिला समजावलं की ते जागा देतात, बाकी संबंध नाही. गेटवरच्या वॉचमनला काय विचारायचं हेच कळेना. "इथे मीटिंग असते ना?" "कसली?" "संध्याकाळची." त्याने मला वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "मागच्या बाजूनं जा, चहाचं पातेलं दिसेल तिथं." मीटिंग इंग्रजीत होती. लोक अतिशय अदबशीर, ऐकायला आवडेल असं बोलणारे. पण माझं इंग्रजी कंपनीच्या ईमेलपुरतं. बायकोच्या पर्समधून पैसे काढल्याची गोष्ट मला त्या भाषेत सांगता येईना, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं. शांत बसून चहा पिऊन निघालो. बाहेर एकाने गाठलं. "छान वाटलं?" मी हो म्हणालो. तो मराठीत म्हणाला, "छान वाटायला नाही यायचं. घरी ज्या भाषेत भांडता त्या भाषेची मीटिंग शोधा."

दुसरी हडपसरच्या बाजूची, अस्सल मराठी. तिथे मी पहिल्यांदा हसलो. एकजण सांगत होता, "मी कसला दारुडा? मी दरवर्षी श्रावण पाळायचो!" सगळा वर्ग हसला, कारण तिथल्या निम्म्यांनी तेच केलं होतं. श्रावणात महिनाभर थेंब नाही, घरचे खूश, आपणही छाती काढून फिरायचं. आणि त्याआधी गटारीला महिनाभराचं ॲडव्हान्स पिऊन घ्यायचं. दुसऱ्याने आळंदीला जाऊन माळ घातली होती. माळ खुंटीला टांगून पिऊन यायचं आणि आल्यावर परत घालायची, असं त्याने जवळपास वर्षभर चालवलं. "माउलीला फसवत नव्हतो, मध्ये सुट्टी देत होतो," म्हणाला. मीही प्रत्येक श्रावण पाळलेला. माझ्यापाशी तोच एक पुरावा होता की माझा माझ्यावर ताबा आहे. तो पुरावा त्या वर्गात दोन मिनिटांत निकालात निघाला, आणि कोणी मला उद्देशून एक शब्दही बोललं नव्हतं.

पण हडपसर माझ्या घराच्या बरोबर उलट दिशेला. मी भोसरी एमआयडीसीत कामाला, राहायला सिंहगड रस्त्याला. साडेपाचला सुटायचं, शेअर रिक्षाने नाशिक फाटा, तिथून मेट्रो. स्टेशनला नाव भोसरीचं दिलं होतं, पण भोसरी तिथून लांब आहे, हे ज्याला रोज जावं लागतं त्यालाच माहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत भुयारातून सुरू झाली तेव्हा सगळ्या कंपनीत पेढे वाटावेत असं वातावरण होतं. मला त्याचा फायदा वेगळा झाला होता: आधी पीएमटीच्या गर्दीत जाणारा वेळ वाचला, तो स्वारगेटच्या परमिट रूममध्ये जायला लागला. सातच्या आसपास आत, कोपऱ्यातलं टेबल, वेटरने न विचारता आणलेली क्वार्टर आणि चणे, आणि नऊला सिंहगड रस्त्याची बस. हडपसरच्या मीटिंगला जायचं म्हणजे स्वारगेटला उतरून दुसरी बस धरायची. म्हणजे त्याच दारावरून, त्याच वेळेला, पोटात भूक घेऊन. मीटिंगहून परत येतानाही स्वारगेटच. एकदा मीटिंग ऐकून, मन भरून परतलो आणि तरीही त्या दारासमोर थबकलो, इतका की आतल्या वेटरने हात केला. त्या रात्री मी फोनवाल्या काकांना (त्यांना आता काका म्हणत होतो) कॉल केला.

ते रागावले नाहीत, त्यांनी नकाशा विचारला. किती वाजता सुटता, कुठे चढता, कुठे उतरता, कुठे प्यायचात. मग म्हणाले, "तुम्हाला स्वारगेटच्या आधी उतरायला लागेल अशी मीटिंग पाहिजे. आणि सातची पाहिजे. सकाळची मीटिंग कितीही चांगली असो, सकाळी तुम्ही प्यायचात का?" हे एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आतापर्यंत चांगली मीटिंग शोधत होतो. बोलणारे चांगले, जागा स्वच्छ, ओळखीचं कोणी नाही. काकांच्या हिशोबात यातलं काहीच नव्हतं. त्यांचा हिशोब असा की दारूची वेळ आणि दारूचा रस्ता ठरलेला असतो, मीटिंग त्यांच्यावर येऊन बसली पाहिजे.

अशी एक निघाली. पेठेत, मेट्रोच्या मंडई स्टेशनपासून चालत जाण्यासारखी, शाळेच्या वर्गात. कुठली शाळा ते लिहीत नाही. पत्ता यादीत उघड आहे, पण तिथे येणारी माणसं माझ्या लिहिण्यात उघडी पडायला नकोत. मराठी, संध्याकाळी, आणि आठवड्यातले बरेच वार. दुसऱ्या वारांना त्याच पट्ट्यात दुसरा गट.

तो वर्ग बहुधा दुसरी-तिसरीचा. भिंतीवर पाढे आणि पालेभाज्यांचा तक्ता. बाकं इतकी बुटकी की गुडघे वर येतात आणि पन्नाशीची माणसं शिक्षा झाल्यासारखी दिसतात. फळ्यावर एका बाजूला ए.ए.च्या, दारू सोडायच्या बारा पायऱ्यांचा, दुसऱ्या बाजूला गट चालवायच्या बारा परंपरांचा कापडी फलक टांगतात. मीटिंग संपली की गुंडाळून पिशवीत, कारण सकाळी मुलं येणार. सुरुवातीला मिनिटभर शांतता, प्रार्थना, मग एकजण माहितीचा परिच्छेद वाचतो. त्यानंतर शेअरिंग. "माझं नाव अमुक, मी एक अल्कोहोलिक," की सगळे त्याच्या नावाने नमस्कार करतात. तो जे बोलेल त्यावर कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, 'अरे पण' म्हणत नाही. पुण्यात कोणी बोलत असताना एवढे पुणेकर गप्प बसलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. शेवटाकडे एक डबा फिरतो. आमच्याकडे श्रीखंडाचा प्लास्टिकचा आहे, झाकणाला चीर पाडलेली. जागेचं भाडं, चहा, पुस्तकं त्यातून. बाहेरच्या कोणाची देणगी घ्यायची नाही हा संस्थेचा नियमच आहे, आमदारसाहेबांनी दिली तरी. पहिल्या दिवशी मी खिशात हात घातला तर शेजारच्याने डबा माझ्यावरून पुढे सरकवला. "नवीन माणसाचे नकोत. तुम्ही नुसते परत या."

देवाचं प्रकरण मला जड गेलं. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, 'आपल्याला जसा समजला तसा' अशी पुस्ती जोडून. मी घरातल्या गणपतीपुरता आस्तिक. एका निवृत्त शिक्षकाने तोडगा काढला: "तुम्ही एकटे राहून सोडू शकलात का? नाही ना? मग सध्या हा वर्गच तुमच्यापेक्षा मोठा धरा. पुढचं पुढे." ते मला पटलं असं नाही, पण भांडण तहकूब झालं. अजून तहकूबच आहे.

बायकोला वाटलं होतं की मी मीटिंगच्या नावाखाली कुठेतरी बसतो. वाटणारच. म्हणून एका ओपन मीटिंगला ती आली. तिथे तिला कळलं की घरच्यांसाठी अल-ॲनॉन म्हणून वेगळे गट असतात, १९५१ पासूनचे. त्यात आपला माणूस पितो की नाही हा विषयच नसतो, त्याच्या पिण्यापायी आपलं काय झालं हा असतो. मुक्तांगणमध्येही व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो, तोही तिला तिथल्याच एका बाईने सांगितला. ती आता तिच्या मीटिंगला जाते. तिथे माझ्याबद्दल काय बोलते ते मला सांगत नाही आणि मी विचारायचं नाही असं ठरलंय. पहिल्यांदा जाऊन आली त्या रात्री तिने माझे खिसे तपासले नाहीत. माझ्या लक्षात आलं, मी काही बोललो नाही.

सगळंच गोड आहे असं नाही. आमच्या खोलीत बायका जवळजवळ नसतात. पितात बायकाही, पण संध्याकाळी सातला, पुरुषांनी भरलेल्या वर्गात, पेठेत कोणी ओळखेल या भीतीवर मात करून कोण येणार? त्यांच्यासाठी ऑनलाइन मीटिंगा लॉकडाऊनपासून वाढल्या हे बरं झालं. शेअरिंगमध्ये काहीजण तेच ते किस्से रंगवून सांगतात, पिण्याच्या गोष्टीत पिण्याचीच मजा घेतात. तेव्हा मी पालेभाज्यांचा तक्ता वाचतो. आणि गणेशोत्सवात आमची मीटिंग अक्षरशः बुडते. रस्ते बंद, ढोल-ताशांपुढे शेजारच्याचं ऐकू येत नाही. विसर्जनाच्या दिवशी ड्राय डे असतो म्हणून बाहेरच्यांना वाटतं, चला, आज यांना सोपं. उलट आहे. ड्राय डेच्या आदल्या दिवशी वाइन शॉपपुढची रांग बघितली की अंगात जुना व्यवहार जागा होतो: उद्या मिळणार नाही, आज घेऊन ठेव. त्या दिवसांत आम्ही गटातले काहीजण नदीपलीकडे एकाच्या घरी बसतो, चहावर चहा.

तिथेच एक परत प्यायला लागलेला माणूस आला. बरीच वर्षं न पिता काढलेला, पोरीच्या लग्नात एक घेतली आणि सुटला. मला वाटलं आता पंचायत बसणार. कोणी काही विचारलं नाही. एकाने खुर्ची दिली, एकाने डॉक्टरचा नंबर, कारण त्याचे हात कापत होते आणि त्या रात्री मीटिंगपेक्षा दवाखाना महत्त्वाचा होता. काका त्याच्यासोबत रिक्षात बसून गेले.

हल्ली आठवड्यातून एक संध्याकाळ फोन माझ्याकडे असतो. मीटिंगहून घरी पोचलो की नऊनंतर घेतो. काही कॉल बायकांचे, काही मुलांचे: "पप्पांना न्यायला गाडी पाठवा ना." त्यांना सांगावं लागतं की आम्ही कोणाला उचलून नेत नाही, डॉक्टर किंवा केंद्राची माहिती हवी असेल तर सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन आहे, १४४४६, पैसे पडत नाहीत. स्वतः पिणाऱ्याचा फोन आला की आज घेतलीय का, डॉक्टरना भेटलात का, हे झाल्यावर माझा पुढचा प्रश्न ठरलेला: कामावरून किती वाजता सुटता आणि घरी कसे जाता?

मागच्या आठवड्यात एकाचा आला, वाघोलीत राहणारा, रांजणगावला कामाला, नाईट शिफ्ट. सकाळी सातला सुटतो आणि बसमधून उतरला की लगेच पितो, झोप येण्यासाठी. त्याची संध्याकाळ सकाळी असते. यादी वरपासून खालपर्यंत बघितली, त्याच्या वेळेला त्याच्या रस्त्यावर काही नाही. शेवटी कंपनीच्या बसमध्ये कानाला लावून ऐकता येईल अशी सकाळची ऑनलाइन मीटिंग सापडली, हिंदी. तो म्हणाला, बसमध्ये नेट जातं मध्ये मध्ये. म्हटलं, जाऊ दे, जेवढं येईल तेवढं ऐका, आणि रविवारी पेठेत या, मी मंडई स्टेशनच्या बाहेर थांबतो. शर्टाचा रंग विचारला त्याने. मी सांगितला, निळा, चेक्सचा.